क्लाउनफिशसाठी खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्यातले मासे सांभाळण्यात हात बसलेले अनेक जण पुढे खाऱ्या पाण्याकडे वळतात, आणि त्यांची पहिली पसंती बहुधा क्लाउनफिशलाच असते. नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा खाऱ्या पाण्यातल्या सोशिक माशांपैकी एक आहे. मात्र थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या सूचना जशाच्या तशा पाळून टाकी उभारली, तर आपला उन्हाळा, आपल्या नळाचे पाणी आणि भारनियमन या तीन गोष्टी हिशेबाबाहेर राहतात. पुढील उत्तरे महाराष्ट्रातल्या घरांना समोर ठेवून लिहिली आहेत.

कोणत्या जातीचा क्लाउनफिश घ्यावा?

पहिल्या टाकीसाठी ऑसेलारिस ही जात घ्यावी. दुकानांत ‘निमो’ म्हणून मागितला आणि विकला जातो, तो बहुतेक वेळा हाच मासा असतो. त्याच्यासारखाच दिसणारा पर्क्युला थोडा अधिक नाजूक समजला जातो. टोमॅटो आणि मरून क्लाउन दिसायला देखणे असले, तरी मोठेपणी फार भांडखोर होतात आणि लहान टाकीत दुसऱ्या माशाला टिकू देत नाहीत.

जातीइतकेच महत्त्व मासा कुठून आला याला द्यावे. समुद्रातून पकडलेला मासा जाळे, पिशवी, गोदाम आणि दुकान असा प्रवास करून येतो, वाटेत परजीवी अंगावर घेतो आणि गोळीच्या खाद्याला अनेकदा तोंडही लावत नाही. हॅचरीत जन्मलेला मासा टाकीतच वाढलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून खातो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे, आणि नवी मुंबईत ऐरोली येथे मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली आहे. त्यामुळे हॅचरीचा मासा आता दुर्मीळ राहिलेला नाही. दुकानदाराला मासा कुठला आहे असे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर मिळत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

टाकी किती मोठी असावी?

दोन ऑसेलारिससाठी साधारण १२० लिटरची टाकी योग्य ठरते. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी सुमारे एवढीच भरते. याहून लहान टाकीत मासे जगत नाहीत असे नाही. परंतु पाणी जितके कमी, तितके त्यातले तापमान, क्षार आणि अमोनिया लवकर बिघडतात, आणि नवशिक्याला चूक लक्षात येईपर्यंत वेळ उरत नाही. ‘आधी छोटी घेऊन पाहतो’ हा विचार खाऱ्या पाण्यात उलटा पडतो.

पाणी, काच आणि खडक मिळून या टाकीचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. म्हणून ती टीव्हीच्या किंवा पुस्तकांच्या कपाटावर ठेवू नये. भिंतीलगत, थेट ऊन न लागणाऱ्या जागी, मरीन प्लायच्या किंवा रंग दिलेल्या लोखंडी स्टँडवर ती समतल बसवावी. न रंगवलेले लोखंड खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी लवकर गंजते.

चौपाटीवरून किंवा कोकणातून समुद्राचे पाणी आणले तर चालेल का?

मुंबईच्या किनाऱ्याचे पाणी मुळीच वापरू नये, कारण त्यात सांडपाणी आणि तेलाचा अंश असतो. कोकणातला किनारा तुलनेने स्वच्छ असला, तरी काठाजवळच्या पाण्यात प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव), गाळ आणि रोगजंतू असतात. ते पिंपात साठवले की प्लवक मरून पाणी नासू लागते. शिवाय पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांचे गोडे पाणी मिसळल्याने किनाऱ्याची क्षारता बरीच उतरते, म्हणजे मे महिन्यात आणलेले पाणी आणि ऑगस्टमध्ये आणलेले पाणी सारखे नसते. दर आठवड्याला सारखेच पाणी हवे असलेल्या माणसासाठी पिशवीतले सागरी मीठ आणि शुद्ध पाणी हाच भरवशाचा मार्ग आहे.

घरातल्या आरओचे पाणी पुरेसे शुद्ध असते का?

बहुतेक वेळा नसते. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून घरगुती आरओ यंत्रात थोडे कच्चे पाणी मिसळण्याची किंवा खनिजे घालण्याची सोय असते. माणसाला ती चांगली, पण टाकीत त्या वाटेने नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट येतात आणि काचेवर, वाळूवर शेवाळाचा थर चढत राहतो. तंत्रज्ञाकडून आरओच्या गाळणाऱ्या पडद्यानंतर लगेच, खनिजांच्या टप्प्याआधी, वेगळी नळी काढून घ्यावी आणि तिच्यापुढे डीआय रेझिनचे (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचे) एक भांडे जोडावे. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) शून्य किंवा एक-दोन आकडा दिसला म्हणजे पाणी वापरण्याजोगे आहे. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असेल तर रेझिन लवकर संपते, म्हणून मीटर हाताशी ठेवावा.

मीठ कोणते आणि किती?

खाण्याचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. माशाला समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेटही लागतात, म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठच घ्यावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम हे प्रमाण धरून बादलीत पाणी घ्यावे, त्यात लहान पंप सोडावा आणि मीठ थोडे थोडे घालत विरघळवावे. मिश्रण रात्रभर फिरत राहिले की वापरावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ क्षारतेच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावे. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिठाची पिशवी दमट होऊन दगड बनते आणि मग वजनाचा हिशेब चुकतो, त्यामुळे मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आवश्यक आहे.

उन्हाळ्यात पाणी थंड कसे ठेवावे? चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच का?

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तो बहुधा सर्वांत शेवटी, एप्रिलमध्ये, विचारला जातो. टाकीसाठी २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. क्लाउनफिश हा उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा मासा असल्यामुळे २८-२९ अंशही स्थिर असतील तर सोसतो. परंतु पाणी जसे तापते तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढते, आणि त्याच वेळी पाण्यातल्या अमोनियाचा विषारी अंशही वाढतो. तीस अंशांच्या वर पाणी अनेक दिवस राहिले तर मासा मंदावतो, भरभर श्वास घेतो आणि आजारांना सहज बळी पडतो. पंप आणि दिवे पाण्यात आपली उष्णता घालतच असतात, म्हणून बंद खोलीतली टाकी खोलीच्या हवेपेक्षा थोडी गरमच असते.

उपाय शहराप्रमाणे बदलतो. पुणे, नाशिक, नागपूर येथे उन्हाळ्याची हवा कोरडी असते. तिथे पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा लहान पंखा लावला, तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पुण्या-नाशिकच्या बऱ्याच घरांत एवढ्यावर भागते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो आणि तेव्हा केवळ पंख्यावर विसंबता येत नाही. मुंबई आणि कोकणात दमट हवेमुळे बाष्पीभवनच कमी होते, म्हणून तिथे पंख्याचा उपयोग मर्यादित असतो आणि चिलर घेणे किंवा दिवसरात्र वातानुकूलित असलेल्या खोलीत टाकी ठेवणे हाच पर्याय उरतो. फक्त रात्री एसी चालवला, तर दिवस आणि रात्र यांत पाण्याचे तापमान तीन-चार अंशांनी खाली-वर होते, आणि हे रोजचे हेलकावे एकसारख्या २८ अंशांपेक्षा अधिक त्रासदायक असतात.

चिलर घेतल्यास तो स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातून काढलेली उष्णता हवेतच सोडतो, आणि ती कोंडली तर यंत्र तासन्‌तास चालूनही पाणी थंड होत नाही. खर्चाच्या यादीत चिलर बहुधा सर्वांत वरचा असतो, म्हणून अनेक जण भारी दिवे घेऊन तो पुढे ढकलतात. माझ्या मते क्रम उलटा असावा: केवळ माशांच्या टाकीला साधा एलईडी दिवा पुरतो, थंडाव्याला मात्र पर्याय नाही.

पाणी कमी झाले तर मीठ घालून पाणी भरायचे का?

नाही. वाफ होऊन फक्त पाणी जाते, मीठ मागेच राहते. १२० लिटरमधून सहा लिटर पाणी उडाले, तर ३५ ची क्षारता जवळजवळ ३७ होते. म्हणून रोजची भर शुद्ध, बिनखारट आरओ पाण्याची घालावी आणि टाकीवर पातळीची खूण करून ठेवावी. पंखा लावलेल्या टाकीत हे दिवसाआड नव्हे, रोज करावे लागते.

वीज गेली तर काय करावे?

खाऱ्या पाण्यात प्राणवायू पृष्ठभागाच्या हालचालीतून येतो. पंप थांबले की तो मिळेनासा होतो. आधी वेव्हमेकर (पाण्यात लाटा निर्माण करणारा लहान पंप) किंवा मुख्य पंप इन्व्हर्टरवर घ्यावा. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असलेला बरा, कारण स्वस्त स्क्वेअर वेव्ह यंत्रावर पंप घरघरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवावाच. चिलर इन्व्हर्टरवर चालवण्याचा प्रयत्न करू नये. वीज गेलेली असताना माशांना खाद्य देऊ नये.

खारे पाणी वीज उत्तम वाहते, त्यामुळे टाकीच्या जोडणीवर ईएलसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे हा सुरक्षेचा किमान नियम आहे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे थेंब सॉकेटपर्यंत पोहोचत नाहीत.

फिल्टर कोणता? स्किमर हवाच का?

खऱ्या अर्थाने फिल्टर म्हणजे सच्छिद्र खडक आणि त्यावर वस्ती करणारे जिवाणू. १२० लिटरला १० ते १२ किलो ड्राय रॉक (कोरडा, सच्छिद्र खडक) पुरेसा होतो. खडक आधी थेट काचेवर पक्का बसवावा आणि मग त्याच्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर जाडीची ॲरॅगोनाइट वाळू पसरावी. खडक वाळूवर टेकवला तर बिळे खणणारे जीव त्याखालची वाळू काढतात आणि तो कोसळतो. प्रोटीन स्किमर फेसाबरोबर सेंद्रिय घाण कुजण्याआधीच बाहेर काढतो आणि हवाही मिसळतो. दोन माशांची टाकी त्याच्याशिवायही नियमित पाणी बदलून चालते, तरी उष्ण हवामानात त्याच्यामुळे मिळणारा जादा प्राणवायू मोलाचा ठरतो.

क्लाउनफिश पोहण्यात फारसा तरबेज नाही. वेव्हमेकरचा झोत काचेकडे वळवून टाकीचा एक कोपरा शांत ठेवावा.

लाइव्ह रॉक किंवा प्रवाळ समुद्रातून आणता येतील का?

नाही. खडक बनवणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सी फॅन यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही संरक्षित आहेत. लाइव्ह रॉक हा मुळात प्रवाळाचाच सांगाडा असल्याने मालवणच्या किंवा अंदमानच्या किनाऱ्यावरून ‘मेलेला तर आहे’ म्हणत उचललेला तुकडाही गुन्ह्यात बसतो. कारखान्यात बनवलेला किंवा खाणीतला ड्राय रॉक दोन-तीन महिन्यांत जिवाणूंनी तितकाच जिवंत होतो. ज्या जीवसृष्टीच्या प्रेमापोटी आपण टाकी मांडतो, तिचाच तुकडा तोडून घरी आणणे मला कुठल्याही सबबीवर मान्य नाही.

टाकी भरल्यावर मासे कधी सोडता येतील?

साधारण चार ते सहा आठवड्यांनी. हा काळ सायकलिंगचा, म्हणजे टाकीत उपयोगी जिवाणूंची वस्ती वाढू देण्याचा आहे, आणि नवीन टाक्यांमधले बहुतेक मृत्यू तो न पाळल्याने होतात.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून मासा स्वतःच्याच अमोनियाने होरपळतो. खाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असतो आणि या सामूला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त राहतो, त्यामुळे गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई इथे खपत नाही.

पद्धत सोपी आहे. खडक, वाळू, खारे पाणी आणि पंप सुरू करून मासा न सोडता पाण्यातला अमोनिया दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनियम क्लोराइड घालावा आणि बाटलीतले जिवाणू मिसळावेत. अमोनिया मिळत नसेल तर कोळंबीचा एक तुकडा कुजवण्याची जुनी रीत आहे, परंतु त्यात वास येतो आणि प्रमाण हातात राहत नाही. दोन-तीन दिवसांनी चाचणी करत राहावे. आधी अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, मग तोही उतरतो. घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊन नायट्राइटही शून्य दिसला, म्हणजे टाकी तयार झाली. मग मोठा पाणीबदल करून नायट्रेट खाली आणावा.

मध्यंतरी वाळूवर तपकिरी थर येतो. ते डायाटम म्हणजे सूक्ष्म शेवाळ असतात आणि सिलिकेट संपले की आपोआप ओसरतात. त्यावर रसायने ओतू नयेत.

समुद्रफूल म्हणजे ॲनिमोन घ्यावेच लागते का?

क्लाउनफिशला ॲनिमोनची गरज समुद्रात असते, कारण तिथे त्याला खाणारे मासे असतात. ॲनिमोनच्या डंखांपासून स्वतःचा बचाव तो अंगावरच्या श्लेष्माच्या थराने करतो. टाकीत शत्रूच नसल्याने तो ॲनिमोनशिवाय आयुष्यभर निरोगी राहतो, आणि हॅचरीतला मासा पंपामागचा कोपराही घर मानतो.

ॲनिमोनला मात्र तीव्र प्रकाश आणि मुरलेली, निदान सहा महिने ते वर्षभर स्थिर असलेली टाकी लागते. तो जागा बदलत वेव्हमेकरच्या जाळीत अडकला, तर एका रात्रीत अख्ख्या टाकीचे पाणी विषारी होऊ शकते. पहिल्या वर्षी त्याचा विचारच करू नये.

किती मासे ठेवावेत आणि जोडी कशी जुळते?

दोन. सर्व क्लाउनफिश जन्मतः नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा आणि वर्चस्व असलेला मासा मादी होतो आणि पुन्हा कधी नर होत नाही. त्यामुळे दोन माद्या एकत्र आल्या, तर एकीचा जीव जाईपर्यंत भांडण चालते. एक लहान आणि एक थोडा मोठा अशी दोन पिल्ले एकाच वेळी आणून सोडली, की पुढचे त्यांचे तेच ठरवतात. लहान मासा मोठ्यापुढे अंग थरथरवताना दिसला तर घाबरू नये, ती शरणागतीची खूण आहे.

सोबतीला फायरफिश, लहान गोबी, क्लीनर कोळंबी आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी चालतात. डॅमसेल स्वस्त आणि टणक म्हणून दुकानदार आग्रहाने देतात, पण पुढे तेच टाकीवर हक्क सांगतात. ‘डोरी’ म्हणून मागितला जाणारा निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. १२० लिटरमध्ये तो ठेवणे क्रूरपणाचे आहे.

नवा मासा घरी आणल्यावर काय करावे?

शक्य असेल तर तीसेक लिटरच्या वेगळ्या साध्या टाकीत निदान चार आठवडे ठेवावा. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि दोन्हीकडची क्षारता मोजावी. स्थानिक दुकानातून आणलेल्या माशाला थेंबाथेंबाने पाणी मिसळत नेता येते. कुरिअरने बराच वेळ प्रवास केलेल्या माशाच्या बाबतीत मात्र तसे करू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. म्हणून वेगळ्या टाकीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून मासा लगेच सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

अंगावर मिठासारखे सुटे पांढरे ठिपके म्हणजे इच, पीठ भुरभुरल्यासारखी बारीक धूळ आणि धापा म्हणजे व्हेल्व्हेट, आणि अंगावर चिकट पांढरा थर सुटू लागणे म्हणजे ब्रुकलिनेला, जो क्लाउनफिशला विशेष होतो. शेवटचे दोन्ही आजार मासा एक-दोन दिवसांत घेऊन जाऊ शकतात, त्यामुळे वाट पाहू नये. इच आणि व्हेल्व्हेटवर तांब्याचे औषध चालते, पण ते वेगळ्या टाकीतच. मुख्य टाकीत ते कोळंबी आणि गोगलगायींना मारते. मुख्य टाकीत इच शिरला, तर सर्व मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने रिकामी चालवावी लागते.

खायला काय द्यावे?

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. चांगल्या प्रतीची सागरी गोळी हा मूळ आहार, आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेले मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव). बाजारातली ताजी कोळंबी सोलून, आरओच्या पाण्यात धुऊन, अगदी बारीक चिरून अधूनमधून देता येते. सोडे आणि सुका जवळा देऊ नये. त्यात वाळू आणि मीठ असते आणि पाणी फार लवकर घाण होते.

उदबत्ती, धूप किंवा डासांच्या औषधाने माशांना त्रास होतो का?

होतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होते. एअर पंप आणि स्किमर खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतात. डासांच्या वड्या, लिक्विड आणि फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड प्रकारची द्रव्ये मासे आणि कोळंबी दोघांनाही अतिशय घातक आहेत. टाकीच्या खोलीत ती वापरूच नयेत, मच्छरदाणी किंवा जाळी लावावी. पालिकेची धूरफवारणी सुरू झाली की खिडक्या बंद करून स्किमर आणि एअर पंप तासभर थांबवावेत, वेव्हमेकर मात्र चालू ठेवावा. हाताला अत्तर, साबण किंवा सॅनिटायझर असताना पाण्यात हात घालू नये.

दर आठवड्याला किती काम असते?

बारा लिटर पाणी बदलणे, त्यासाठी सुमारे ४२० ग्रॅम मीठ आदल्या दिवशी विरघळवणे, काच पुसणे, स्किमरचा प्याला धुणे आणि क्षारता व नायट्रेट तपासणे. नायट्रेट दर लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असावा. रोजचे काम तापमान पाहणे, पाण्याची भर घालणे आणि मासे नीट खातात का ते पाहणे एवढेच आहे.

माशांनी अंडी घातली तर?

जोडी स्थिरावली की खडकाचा एखादा पृष्ठभाग साफ करून तिथे नारिंगी अंडी घातली जातात. नर त्यांना पंखांनी वारा घालतो, खराब अंडी काढून टाकतो, आणि या काळात तुमच्या हातालाही चावतो. आठवडा-दहा दिवसांनी अंधार झाल्यावर पिल्ले बाहेर पडतात. त्यांना पहिले खाद्य म्हणून जिवंत रोटिफर (सूक्ष्म जलजीव) लागतात, त्यामुळे रोटिफरची पैदास आधीपासून सुरू नसेल तर पिल्ले जगत नाहीत. पहिल्या काही वेळा अंडी तशीच राहू द्यावीत. जोडी पुन्हा पुन्हा घालत राहते.

गणपतीला आठवडाभर गावी जायचे असेल तर?

निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलावे. टॉप-अपचे (उडालेल्या पाण्याची भर घालणारे) स्वयंचलित यंत्र असेल तर त्याचे पिंप भरावे, नसेल तर आरओ पाण्याच्या बाटल्या भरून शेजाऱ्यांना पातळीची खूण दाखवावी. खाद्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. प्रत्येक दिवसाची चिमूट वेगळ्या कागदी पुडीत बांधून द्यावी आणि मोठ्या माशांना दिवसाआड एक पुडी पुरते असे सांगावे. चिलरचा आकडा कितीवर असावा, वीज गेल्यास एअर पंपाचे कोणते बटण दाबावे आणि कोणाला फोन करावा, हे कागदावर लिहून टाकीच्या बाजूला चिकटवून ठेवावे.